हिरव्या पट्टीचा लॉट

धुलाई कारखान्यात त्यांना समोर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'उजेडबाई'. पाठीमागचं नाव बाईंना माहीत होतं. त्यांची त्याला हरकत नसावी, कारण ते त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. इस्त्रीच्या रोलरमधून निघून घडी झालेल्या चादरींचा ढीग कुणी तपासून 'झाला' म्हणून बाजूला ठेवला, की बाई येत, ढिगाच्या मधूनच एक चादर उपसत, झटकून उघडत आणि मागून दिवा लावलेल्या मोठ्या काचेसमोर धरत. शितावरून भाताची परीक्षा. चादरीला भोक असेल तर काचेसमोर ते चांदणीसारखं चमकतं आणि डाग असेल तर ढगासारखा दिसतो. असं काही सापडलं की ज्याने ती तपासली त्याच्या हातात बाई ती चादर देत आणि एवढंच म्हणत, "हे बघ." रागावत नसत. त्यापेक्षा रागावलेलं परवडलं, असं बॉयलर सांभाळणारे काका म्हणायचे.

या बाईंकडून धाकटीला एक शिफारसपत्र हवं होतं, आणि ते शुक्रवारी संध्याकाळच्या आत हवं होतं.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. कारखान्यात ती 'प्लॅनिंग' होती. कुठल्या हॉटेलचा आणि कुठल्या हॉस्पिटलचा माल कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर चढवायचा हे ती ठरवायची, म्हणून "ए प्लॅनिंग, हे टॉवेल कुठे घेऊ?" अशी हाक दिवसभर तिच्या कानावर पडत असे. बिझनेस स्कूलचा अर्ज तिने भरायला घेतला तेव्हा बाबा होते. पुरा करायला बसली तेव्हा नव्हते. परीक्षा देऊन झाली होती, निबंध लिहून झाले होते. राहिलं होतं ते पत्र. सध्या ज्यांच्या हाताखाली काम करता त्यांनीच ते लिहायचं आणि परस्पर ऑनलाइन पाठवायचं, अशी अट होती. मुदत चुकली तर अर्ज पुढच्या वर्षावर गेला. पुढच्या वर्षी आपण पुन्हा हे सगळं भरायला बसू का, याची धाकटीला खात्री नव्हती. बाबांच्या सोबतीने सुरू केलेलं आणि अजून अर्धवट असलेलं एवढंच एक काम तिच्याकडे उरलं होतं.

बाबांनी बाईंना कधी पाहिलं नव्हतं. तरी रोज जेवायला बसलं की ते विचारायचे, "मग, आज बाईंनी काय उपसलं?" धाकटी सांगायची आणि ते मन लावून ऐकायचे, जसं काही एखाद्या नातेवाइकाचं क्षेमकुशल चाललं आहे. त्यांनी आयुष्यभर बस चालवली. माणूस ब्रेक कसा मारतो यावरून ते त्याची पारख करत. "तुझ्या बाई ब्रेक हळू मारतात," ते म्हणायचे. "गाडी थांबलेली आत बसलेल्याला कळतसुद्धा नाही. पत्र त्यांचंच घे हं."

बाईंचंच घ्यायचं हे ठरलेलं होतं. पण घ्यायचं कसं, हे दादाने शिकवलं. दादा एका मोठ्या ऑफिसात होता आणि जगाची रीत त्याला ठाऊक असे.

"अगं, कुठला साहेब असलं पत्र स्वतः लिहितो? तू लिहायचं, त्यांनी पाठवायचं. त्यांचाही वेळ वाचतो."

"बाई तशा नाहीत रे."

"सगळेच तसे नसतात. काम पडलं की होतात."

तेव्हा रविवारी धाकटी लिहायला बसली. आपली टिमकी आपणच वाजवायची, आणि तीही दुसऱ्याच्या हाताने, हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. दुपारपर्यंत पानभर मजकूर झाला. त्यात 'असामान्य नेतृत्वगुण' होते, 'आव्हानालाच संधी मानण्याची वृत्ती' होती. तिने तो आईला वाचून दाखवला. आई भाजी निवडत होती. पूर्ण ऐकून घेऊन तिने विचारलं, "ही मुलगी आपल्याकडेच राहते का गं? मला कधी दिसली नाही ती."

सोमवारी सकाळी धाकटीने तो कागद बाईंना दिला. बाई माल उतरवायच्या फलाटावर उभ्या होत्या. खांद्याने कानाशी फोन दाबून धरलेला, एका हाताने ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायची खूण चाललेली. फोन संपला, गाडी लागली, तेव्हा त्यांनी कागद घेतला आणि सवयीने दाराकडे वळून उजेडात धरला.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "फक्त यात डाग एकही नाही."

"म्हणजे?"

"एकही डाग नाही, सुरकुती नाही, अशी चादर माझ्यासमोर आली तर मला पहिली शंका काय येईल?"

मागून बॉयलरकाकांनी उत्तर दिलं, "की ही कुणी वापरलीच नाही!"

"काका, प्रेशर बघा तुमचं," बाई म्हणाल्या. मग धाकटीकडे वळून, "दुसऱ्याने तपासलेला ढीग मी न उघडता गाडीत चढवते का?"

"नाही."

"मग? मी लिहीन. त्यांचे प्रश्न आलेत मला, पाच आहेत. वेळ मिळाला की बसते."

वेळ मिळाला की बसते! बाईंना बसलेलं पाहिल्याची आठवण कारखान्यात कुणाला नव्हती. केबिनमधल्या त्यांच्या खुर्चीवर नमुन्याच्या टॉवेलांची चळत कायमची मुक्कामाला होती, आणि नवीन आलेली माणसं ती खुर्ची टॉवेलांचीच समजत.

मंगळवारी मोठा वॉशर बंद पडला. बाई बाह्या वर करून मिस्त्रीच्या शेजारी उकिडव्या होत्या, तेव्हा पत्राचा विषय काढण्याची धाकटीला हिंमत झाली नाही. बुधवारी एका हॉटेलवाल्याचा फोन आला की त्याचे नॅपकिन गुलाबी होऊन परत आलेत. बाईंनी चूक कबूल केली, नवे नॅपकिन पाठवायचं कबूल केलं, आणि हे सगळं अशा आवाजात, की शेवटी तो हॉटेलवालाच "असू द्या हो, होतं असं" म्हणायला लागला. फोन ठेवल्यावर त्यांनी लाल एप्रन पांढऱ्या कपड्यांत टाकणाऱ्या नव्या मुलीला बोलावलं आणि पांढरं-रंगीत वेगळं करायच्या टेबलाशी तिच्या बरोबरीने उभं राहून तासभर कपडे निवडले. एक शब्द वावगा नाही. धाकटी लांबून पाहत होती. अशा माणसाला 'माझं पत्र कुठंय' असं विचारायचं तरी कुठल्या तोंडाने? तरी जाता जाता तिने विचारलंच.

"चार प्रश्न झालेत मनात," बाई चालता चालता म्हणाल्या. "पाचवा अडलाय. आणि टाइप करायला बसायला वेळ हवा."

"पाचवा कोणता?"

"सांगते नंतर." आणि त्या घडीच्या हॉलकडे दिसेनाशा झाल्या.

घरी येऊन धाकटी आईपुढे कुरकुरली. पूर्वी पहिली पाळी सुटली की बाई थोडा वेळ केबिनमध्ये असायच्या. उभ्यानेच, पण असायच्या. बिलं, पत्रं, फोन, सगळं तेव्हा उरकायच्या. हल्ली तिची पाळी सुटायच्या सुमाराला त्या जागेवर नसतातच.

"मग तू थांब त्यांच्यासाठी," आई म्हणाली. "त्यांनीच का म्हणून तुझ्यासाठी थांबायचं?"

पाळी सुटल्यावर धाकटी कधी थांबत नसे. त्याला कारण होतं, आणि ते आईलाही माहीत नव्हतं.

बाबा ज्या हॉस्पिटलमध्ये होते, त्याचा माल याच कारखान्यात धुतला जात असे. तिथल्या चादरींना कडेने हिरवी पट्टी होती. बाबांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळली आणि मग त्यांना धरबंध राहिला नाही. नर्स आली की ते चादरीचं टोक उचलून दाखवत. "ही चादर माझ्या मुलीने पाठवली आहे बरं का." एक नर्स गमतीची होती. ती विचारायची, "एकटीने?" बाबा म्हणायचे, "एकटीने. आणि तिच्या बाईंनी. दोघी मिळून सगळ्या गावाला निजवतात." शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलवेना, तेव्हाही त्यांची बोटं पट्टीवरून फिरत असायची.

ते गेल्यावर धाकटी कामावर परतली. पहिल्याच सकाळी रोलरमधून हिरवी पट्टी आली, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. हॉस्पिटलचा माल शेवटच्या तपासणीशिवाय गाडीत चढत नसे आणि ती तपासणी करायची मुभा दोघींनाच होती, बाईंना आणि तिला. ती काचेसमोर उभी राहिली. हात वर झाले नाहीत. पाणी प्यायचं निमित्त करून ती बाहेर गेली, आणि त्याच दुपारी तिने तो लॉट दुसऱ्या पाळीत टाकला. सकाळी मशीनवर ताण येतो, असं कारण दिलं. "पण दुपारनंतर तपासणीला कोण?" हेही तिने बाईंना विचारलं होतं. बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "सोय होईल." काय सोय, कोणाची, हे तिने विचारलं नाही. उत्तर नको असलं की माणूस प्रश्न एकदाच विचारतो. तेव्हापासून दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजायच्या आत ती फाटकाबाहेर असे.

गुरुवारी मात्र ती फाटकापर्यंत जाऊन परत फिरली. उद्या शुक्रवार. केबिनमध्ये टॉवेलांशिवाय कुणी नव्हतं. बॉयलरकाका डबा धुऊन पिशवीत ठेवत होते.

"काय गं प्लॅनिंग, वाट चुकलीस?"

"काका, बाई रोज या वेळेला जातात तरी कुठे?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती थट्टाच करते आहे. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते म्हणाले. "घडीच्या हॉलात बघ जा. रोज तिथेच तर असतात. अख्ख्या कारखान्याला माहीत आहे, आणि पाळ्या लावणारीला नाही?"

घडीच्या हॉलमध्ये वाफेचा उबदार वास होता. दुसऱ्या पाळीची माणसं रोलरवर लागली होती. टोकाला, काचेपाशी, बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. एक चादर उचलायची, दोन्ही हात डोक्यावर नेऊन काचेसमोर धरायची, वरून खाली पाहायची, उलटायची, पुन्हा पाहायची, घडी घालून डाव्या ढिगावर ठेवायची. मग पुढची. उजव्या ढिगात अजून कमरेइतक्या चादरी होत्या. सगळ्यांना हिरवी पट्टी होती.

धाकटी दारातच थांबली. बाईंना वेळ का मिळत नाही याचा शोध ती सोमवारपासून घेत होती. तो वेळ असा समोर रचून ठेवलेला होता. आणि तो सोमवारपासूनचा नव्हता, बाबा गेल्यापासूनचा होता.

"आत ये," बाई न वळता म्हणाल्या. काचेत मागचं सगळं दिसतं. "वारा येतो दारातून."

ती जवळ गेली. "तुम्ही रोज हे करता?"

"कुणीतरी करायला हवंच."

"तुम्ही म्हणाला होतात, सोय होईल."

"झाली की." बाईंनी पुढची चादर उचलली.

"मला सांगायचं होतंत, बाई."

"हो. सांगायला हवं होतं." बाईंनी हातातली चादर पुरती पाहिली, घडी घातली, ठेवली, आणि मगच तिच्याकडे वळल्या. "रोज ठरवायचे, आज सांगू. मग तुझा चेहरा बघायचे आणि म्हणायचे, राहू दे आजच्या दिवस. दुःखाला काही पाळी लावता येत नाही. पण त्यांचा पाचवा प्रश्न काय आहे माहितीये? 'या उमेदवाराला तुम्ही दिलेली सगळ्यात महत्त्वाची सूचना कोणती, आणि तिने त्यावर काय केलं?' आता मी काय लिहू? सूचना द्यायची होती ती मी दिलीच नाही. खोटं लिहायचं, तर तुझा तो कागद काय वाईट होता?"

धाकटीला हसू आलं आणि रडूही. दोन्ही तिने आवरलं.

"तेव्हा आता देते," बाई म्हणाल्या. "हिरव्या पट्टीचा लॉट सकाळी घे. तो तुझा आहे. जमलं तर उद्यापासून घे. नाही जमलं तर तसं सांग, मी इथे आहेच. तू तिकडे शिकायला जाणार. काय शिकवतात तिथे?"

"माणसं कशी सांभाळायची."

"उंटावरून?"

"बाई!"

"तिकडे जाशील, मोठी होशील, तेव्हाही कुठली ना कुठली हिरवी पट्टी समोर येईलच. प्रत्येक वेळी पाळी बदलायला प्लॅनिंग आपल्याच हातात असेल असं नाही. एवढंच." आणि त्या पुन्हा काचेकडे वळल्या. त्यांच्या मानेवर घामाने केस चिकटले होते. सकाळपासून उभं असलेलं ते शरीर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होतं. हे दुसऱ्या कुणाचं काम आपण करतो आहोत, याची एकही खूण त्यांच्या हातांत नव्हती.

धाकटीने पिशवी खाली ठेवली. "उरलेल्या मी करू?"

"आज नको. आज माझ्या पाळीत आहेत त्या. तू घरी जा."

दाराशी पाळ्यांचा फळा होता. प्रत्येक लॉटचं एक रंगीत लोहचुंबक. जाताना धाकटीने हिरवं चुंबक दुसऱ्या रकान्यातून उचललं आणि पहिल्यात लावलं. आवाज अगदी लहानसा झाला. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पण काचेत मागचं सगळं दिसतं.

शुक्रवारी माल सकाळी उतरला, धुतला, आणि दहाच्या सुमाराला रोलरमधून पहिली हिरवी पट्टी आली. धाकटीने चादर घेतली, दोन्ही हात वर नेले.

दिव्यासमोर कापडाचा धागा न् धागा सुटा दिसतो. हॉस्पिटलची चादर कडेला जाड राहते आणि मधे विरते, जिथे माणूस निजतो तिथे. तिथून उजेड जास्त येतो. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. 'मध्ये विरलेली, अजून चालेल' हा तपासणीतला रोजचा शेरा होता. आज ती त्या विरलेल्या जागेकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. किती जण निजून गेले असतील या चादरीवर. बहुतेक घरी गेले असतील. बहुतेक जण घरीच जातात. तिने ती उलटली, दुसरी बाजू पाहिली, घडी घातली. पुढची घेतली. ही चादर माझ्या मुलीने पाठवली आहे बरं का. तिच्या नंतरची घेतली. डोळे भरून आले की ती थांबायची, बाहीने पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून ती चादर बघायची. रोलरवरच्या बायका एकमेकींशी मोठमोठ्याने टोमॅटोच्या भावाबद्दल बोलत होत्या. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि ते किती ठरवून चाललं होतं हे तिला कळत होतं.

दुपार होता होता लॉट संपला. तेवढ्यात बॉयलरकाका हॉलच्या दारात आले. धापा टाकत होते.

"अगं ए, बाई बसल्यात!"

"कुठे?"

"खुर्चीत! टॉवेल खाली ठेवलेत आणि खुर्चीत बसल्यात. काय झालं म्हणून बघायला गेलो तर म्हणाल्या, काका, दार लावून घ्या. दोन बोटांनी टकटक टकटक करतायत. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

बायकांनी रोलर सोडून केबिनच्या काचेतून डोकावून घेतलं. धाकटी गेली नाही. ती डाव्या ढिगाच्या कडा हाताने सारख्या करत उभी राहिली. बिझनेस स्कूलला जाणारं पत्र उमेदवाराने वाचायचं नसतं, आणि तिला ते वाचायचंही नव्हतं. पाचव्या प्रश्नाचं उत्तर काय असेल ते तिला ठाऊक होतं. ते तिच्या हाताखाली रचून ठेवलेलं होतं.

बऱ्याच वेळाने केबिनचं दार उघडलं. बाई हॉलमध्ये आल्या, डोळे चोळत, बसून अवघडल्यासारख्या. बायका भराभर जागेवर गेल्या.

"गेलं पत्र," बाई म्हणाल्या. "तिकडून पोच पण आली."

धाकटीला आभार मानायचे होते. तिने दोन वाक्यं मनाशी जुळवूनही ठेवली होती. पण तोवर बाई ढिगापाशी पोचल्या होत्या. त्यांनी मधूनच एक चादर उपसली, झटकली आणि काचेसमोर धरली. बाईंनी वरून खाली पाहिलं. मग खालच्या कोपऱ्याशी, हिरव्या पट्टीच्या अगदी लगत, त्यांचा हात थांबला. तिथे एक बारीक चांदणी चमकत होती.

"हे बघ," बाई म्हणाल्या.

धाकटीने पाहिलं. भोक होतं. टाचणीएवढं, पण होतं. कुठल्या चादरीच्या वेळी आपण डोळे पुसत होतो, ते तिला आता सांगता आलं नसतं.

"आणि तुम्ही तर पत्र पाठवूनसुद्धा दिलंत," ती म्हणाली.

"मग? मी कुठे लिहिलंय की एकही सुटत नाही म्हणून?" बाईंनी चादर तिच्या हातात दिली. "ही शिवणाकडे टाक. आणि ढीग पुन्हा एकदा बघून घे. गाडी थांबेल तोवर, मी सांगते ड्रायव्हरला."

धाकटी हसली. बाबा गेल्यानंतर त्या हॉलमध्ये ती पहिल्यांदाच हसली असावी, कारण टोमॅटोवाल्या बायका मधेच बोलायच्या थांबल्या. तिने भोकाची चादर शिवणाच्या ट्रॉलीत टाकली, सगळा ढीग उचलून पुन्हा उजवीकडे नेला आणि वरची पहिली चादर उजेडात धरली. बाई तोवर फलाटाकडे निघाल्या होत्या, फोन खांद्याने कानाशी दाबून. बाहेर ड्रायव्हरशी त्यांचं काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. गाडीचं इंजिन तेवढं हळूच बंद झालं, इतकं हळू, की आत बसलेल्याला कळलंही नसतं.